अर्ध्या नावाची हाक

आमच्या आईला विचारलं तर ती हीच गोष्ट वेगळी सांगेल. आनंदाने सांगेल. पण त्या दिवशी गाडीत मी होते, ती नव्हती. म्हणून माझं ऐका.

मार्च महिना. गुरुवार. दुपारचे चार वाजत आले होते. रात्र नव्हती, अंधार नव्हता, डोक्यावर रणरणतं ऊन होतं. सुरिनहून था तुम गावाकडे जाणारा रस्ता पुढे पुलावरून मून नदी ओलांडतो. हे त्या पुलावर घडलं.

माझा धाकटा भाऊ तोंग दूर रयोंग शहरात इमारतीच्या कामावर होता. परांचीवरून पडला आणि जागच्या जागी गेला. आईचे गुडघे धरलेले, म्हणून मी एकटीच गेले. तिथल्याच विहारात अग्नी दिला. अस्थी पांढऱ्या कापडात बांधून पिशवीत ठेवल्या.

मला रडू आलं नाही. कानात कापूस घातल्यासारखं सगळं लांबून ऐकू येत होतं.

निघताना आईचा फोन आला.

"वान, गाडी बदललीस की त्याला सांग. पूल आला की सांग. गेलेल्या माणसाला आपलं आपण पाणी ओलांडता येत नाही."

"माहीत आहे गं आई."

"काय माहीत आहे? पूर्ण नाव घे, आडनावासकट. नुसतं तोंग-तोंग करू नकोस. आपल्याकडे दर चौथ्या घरात एक तोंग आहे."

"बरं."

"त्याला घेऊन ये. नाहीतर तूही येऊ नकोस."

पहाटेच्या व्हॅनमध्ये चढताना मी हळूच तोंगचं पूर्ण नाव घेतलं, "थोंगचाय साइकेव, चल, गाडीत बस."

व्हॅन सुटली आणि…

टक-टक… टक.

खिडकीच्या कडेवर बोटं वाजावीत तसा आवाज. तोंगची ही लहानपणापासूनची खोड. जेवतानाही ताटावर वाजवायचा आणि आईची चापट खायचा.

मी वळून पाहिलं नाही. घाबरलेही नाही. आला, एवढंच वाटलं.

बँकॉकला आगगाडीत बसले. डबा खच्चून भरलेला. माझ्या शेजारची जागा मात्र रिकामी. एक पोतंवाला आला, जागेकडे बघून थबकला.

"इथे कोणी आहे का?"

"हो."

बिचारा कोराटपर्यंत उभा राहिला. पूल आला की मी नाव घ्यायचे. पूल संपला की खिडकीवर वाजायचं… टक-टक… टक.

सुरिनला सॉंगथाव पकडली. मागे समोरासमोर दोन बाकं टाकलेला आपला नेहमीचा टेम्पो. समोरच्या आजींनी बदकाच्या पिल्लांची पाटी शेजारी बाकावर ठेवली होती. पिल्लांचा नुसता कलकलाट.

"पोरी, चार दिवस झोपली नाहीस वाटतं?"

"नाही झोपले. आजी, मून नदीचा पूल आला की उठवाल?"

"उठवते की. झोप बिनघोर."

मी डोळे मिटले. बाकाच्या दांडीवर टक-टक चालू होतं. तेवढ्यावर मला झोप लागली.

जाग आली ती आवाजाने नाही…

आवाज थांबल्यामुळे.

समोर आजी घोरत होत्या. मागे वळून पाहिलं. पूल संपला होता.

मी घंटीचं बटण दाबून धरलं. गाडी थांबली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"बाई, इथे कुठलं घर? नदीत राहतेस का माशासारखी?"

"दादा, दोन मिनिटं थांबा. माझा भाऊ पलीकडे राहिलाय."

त्याने माझ्या पिशवीतलं पांढरं कापड पाहिलं.  इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

मी पळत पुलाच्या मध्यावर गेले. खाली नदी आटलेली. पलीकडच्या टोकाला कोणीच नव्हतं. आईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

"तोंग, ये लवकर. गाडी थांबलीये. ताई आहे इथे."

एवढंच म्हणाले आणि वळले. एवढंच.

मागे पावलं वाजली…

चपक… चपक… चपक.

ओली पावलं. डांबर तर पायाला चटका बसेल इतकं तापलेलं होतं.

मी गाडीत चढले. माझ्या बाकावरची दोन माणसं सरकली. मी एकटी होते, त्यांनी जागा दोघांची केली. जाग्या झालेल्या आजींनी पाटी उचलून मांडीवर घेतली. 

बदकाची पिल्लं एकदम गप्प झाली.

मी टक-टक ऐकायला कान लावून बसले. ते आलं नाही. शेजारी फक्त…

टिप. टिप. टिप.

आमच्या गावच्या फाट्यावर सुबिन काका मोटरसायकलची साइडकार घेऊन आले होते.

"वान, पिशवीत दगड भरलेस का? गाडी उचलतच नाही."

मी हसले नाही. काकांनी पुन्हा किक मारली.

आई घराच्या जिन्याशी उभी होती. हात जोडून म्हणाली, "ये बाळा, वर ये."

आणि जिन्यावर पावलं उमटली. एकेका पायरीवर एकेक. ओली.

आई रडत रडत हसली. "बघ, पाय धुऊन आला. जन्मात पहिल्यांदा." चार दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं. त्या संध्याकाळी ती जेवली.

मी तिला काही सांगितलं नाही.

तोंगच्या उजव्या पायाला करंगळी नव्हती. नऊ वर्षांचा असताना ऊस तोडताना कोयत्याने गेली. जिन्यावरच्या उजव्या पावलाला पाचही बोटं होती. मी वाकून मोजली.

आईला दिसलं नसेल का? ती जखम तिनेच तर बांधली होती.

दोन वर्षं झाली. आई रोज त्याच्यासाठी चिकट भाताची टोपली उघडून ठेवते. त्याच्याशी बोलते, रागावते. खालची पायरी कधी वाळत नाही. आई म्हणते, सावलीत आहे म्हणून.

मी महिन्यातून एकदा मुद्दाम सुरिनला जाते आणि परत येते. गाडी पुलावर आली की कठड्यावर वाजतं…

टक-टक… टक.

मी नाव घेते. थोंगचाय साइकेव, चल, गाडीत बस. आडनावासकट, मोठ्याने, लोकांदेखत. मग बाकावरच्या माणसांकडे बघत राहते.

अजून कोणी सरकलेलं नाही.