दांड्यावरची सपाट जागा

प्रशील मला पहिल्यांदा भेटला तो माझ्या वडिलांच्या दुकानात. आणि त्याच दुपारी मी वडिलांना परकं केलं.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीमागे आमचं लेथचं दुकान. एप्रिल होता, वरचा पत्रा तापून नुसता कडकडत होता. मी कॉलेजमधून थेट आले होते, हातात माझ्या रोबोटची मोटर. तेवढ्यात घामाने भिजलेला एक मुलगा अगदी तशीच मोटर घेऊन आत आला.

"तुमचाही स्क्रू घसरतो?" त्याने मला विचारलं.

"घसरतो ना… मोटर फिरते, चाक आपलं जागेवरच."

तो हसला. त्याच्या गालावर ग्रीसचा ठिपका होता. तो पुसून टाकावा असं मला उगीचच वाटलं.

"मी प्रशील. इलेक्ट्रिकल, तिसरं वर्ष. तुम्ही आधारभाऊंच्या ओळखीतल्या का?"

पप्पांनी लेथवरून मान वर केली. कोपरापर्यंत काळे हात, बनियनला भोकं.

"नाही…" मी म्हणाले. "मीपण कामच घेऊन आलेय. भाऊ, होईल ना आज?"

पप्पा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "होई जाई, ताई."

घरी मी बोलायला गेले — "पप्पा, मघाशी ते…" त्यांनी भाकरी माझ्या ताटात सरकवली. "जेव, बेटा." त्यानंतर तो विषय आमच्यात कधी निघाला नाही. आणि प्रशील आला, की मी वर्षभर त्यांना भाऊच म्हणत राहिले.

प्रशील वारंवार यायचा. पप्पा आम्हा दोघांना शेजारी उभं करून शिकवत. दांडा काचेवर लोळवायचे. खालून उजेडाची फट हलली, की दांडा वाकडा. मग मोटरचा गोल दांडा दाखवून म्हणत, "गोल दांडाले स्क्रू धरत नही. तेले टेकाले सपाट जागा लागस." कानशीने दहा-बारा हात मारले, की दांड्यावर नखाएवढी चकचकीत सपाटी उमटायची. स्क्रू तिथे टेकला, की हलायचं नाव नाही.

एकदा मी कानस हातात घेतली, तर प्रशील बघतच राहिला.

"सराईतासारखी धरतेस की!"

"पाहून पाहून शिकले."

"मीपण पाहतोच की इथे येऊन… पण मला काहीच येत नाही."

"तू कानशीकडे पाहत नाहीस."

"नाहीच पाहत," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. पलीकडे पप्पा पाठ करून लेथ पुसत होते. पुसून झालेला लेथ ते पुन्हा पुसत होते.

डिसेंबरात आम्ही दोघांनी मिळून रोबोट केला, आणि धुळ्याच्या स्पर्धेत दुसरा नंबर आला. धुळ्याच्या बसस्टँडवर प्रशीलने माझं प्रमाणपत्र वाचलं.

"मृणाली ए. शिरसाठ. ए म्हणजे काय गं?"

फॉर्मवर वडिलांचं पूर्ण नाव मी मुद्दामच टाळलं होतं.

"ए… ओळख."

"अरुण? अमृत? आनंदा?"

"अंहं."

"बरं, तू सांगशील त्या दिवशी मीपण तुला एक गोष्ट सांगेन…" तो बसच्या पाटीकडे बघत म्हणाला. ती गोष्ट कुठली, हे मला कळत होतं. ती ऐकायला माझा जीव आसुसला होता. पण त्याआधी मला एक नाव सांगावं लागणार होतं, आणि त्या नावाच्या माणसाला मी काय म्हणत आले, तेही.

सांगू, उद्या सांगू, असं करत फेब्रुवारी आला. पप्पा लेथसमोरच कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

चौथ्या दिवशी प्रशीलचा फोन आला. त्याचा आवाज भरलेला होता.

"मृणाली, आधारभाऊ गेले गं… आत्ता दुकानावर कळलं. शेजारच्या वेल्डिंगवाल्या हिलालभाऊंकडून घराचा पत्ता घेतलाय. आपण दोघं जाऊन येऊ. त्यांनी आपलं किती केलं!"

मी फोन कानाला धरून अंगणात आले.

"ऐकतेयस ना? मी तुला घ्यायला कुठे येऊ?"

"तू… त्या पत्त्यावर ये."

दार मीच उघडलं. मागे भिंतीवर हार घातलेला फोटो होता. त्याने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ए म्हणजे आधार," मी म्हणाले. "मी मृणाली आधार शिरसाठ."

तो चपला काढून आत आला, फोटोपुढे वाकला, आईजवळ बराच वेळ बसला. निघताना मी अंगणापर्यंत गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"ते मला एकदा म्हणाले होते," तो हळू बोलला, "ती ताई येस ना, तवय तू बी येत जाय. तू येस तवय ती जास्ती टाईम थांबस… मला वाटलं, माझी चेष्टा करतात."

मी तिथेच पायरीवर बसले. तो गेला.

पप्पांचा जलदानविधी झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दुकान उघडलं. फळीवर अर्धवट कामं होती. प्रत्येकाला पप्पांच्या अक्षरात नावाची चिठ्ठी बांधलेली. एका दांड्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'ताई'. कुणी वाचेल म्हणून त्यांनी स्वतःच्या दुकानातसुद्धा माझं नाव लिहिलं नव्हतं.

दांडा टेबलाच्या पकडीत आवळून मी कानस चालवू लागले. नजर पुन्हा पुन्हा चिठ्ठीकडे वळत होती. सपाटी तिरकी जात होती.

"तिरकं चाललंय."

दारात प्रशील उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

"तुझा राग गेला?" मी विचारलं.

"नाही." तो आत आला आणि त्याने दांड्याचं दुसरं टोक घट्ट धरलं. "पण त्यांनी सांगितलं होतं ना, तू आलीस की येत जा म्हणून…"

मी पुन्हा कानस लावली. दहा-बारा हात, सावकाश. लोखंडाचा कीस फुंकून टाकला, चाक जोडायचं कपलिंग चढवून स्क्रू पिळला. त्याने दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. घसरलं नाही. त्याचा हात कपलिंगवरून निघाला आणि माझ्या काळ्या बोटांवर येऊन थांबला.

"मृणाली आधार," तो म्हणाला. "मला तुला एक गोष्ट…"

बाहेर कुणीतरी हाक मारली, "आधारभाऊंचं दुकान हेच का?"

"हेच," मी मोठ्याने म्हणाले. "मी त्यांची मुलगी. थांबा थोडं."

मग पप्पांच्या लेथवर हात टेकून प्रशीलकडे वळले. "सांग ना. इथेच सांग… पप्पांसमोर."