आईची किटली

आईला फक्त किटली हवी होती. ट्रॉम्सोच्या वृद्धाश्रमात तिला मुलांची नावं आठवेनाशी झाली होती, पण उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या झोपडीत राहून गेलेली काळी किटली मात्र तिच्या डोक्यातून जात नव्हती. समुद्र दर हिवाळ्यात किनारा खात आता झोपडीच्या उंबऱ्याशी येऊन ठेपला होता. म्हणून स्वालबार्डमध्येच राहणाऱ्या थोरल्या सिग्नेने धाकट्या भावाला, तूरेला, बर्गनहून बोलावून घेतलं आणि दोघं स्नोस्कूटरवर निघाली.

गावाबाहेर पडण्याआधी सिग्नेने सवयीने अंग चाचपलं. छातीशी उजेडाचा गोळा उडवणारं सिग्नल पिस्तूल, खिशात त्याची काडतुसं, खांद्यावर बाबांची रायफल. इथे घराची किल्ली विसरली तर चालतं.

"लढाईला चाललोय का आपण?" तूरे हसला.

"तिथे भेटेल त्याला विचार. पांढरा असतो, ओळखशील."

हिमनदीवर वाऱ्याने झोडपून काढलं. पुढे स्कूटर भेगेत रुतली, ती ओढून काढता काढता दोघांचा जीव मेटाकुटीला आला. झोपडीत पोचल्यावर तूरेने चूल पेटवली आणि सिग्ने बुटांसकट आडवी झाली.

सकाळी किटली घेऊन दोघं खाली बर्फावर उभ्या केलेल्या स्कूटरकडे निघाली. रायफल आज तूरेच्या खांद्यावर होती. अर्ध्या वाटेत तो थबकला.

स्कूटरपाशी अस्वल होतं! मादी, बरगड्या मोजता येतील इतकी रोडावलेली. तिच्यामागे एक पिल्लू. सिग्नेला मारायचं नव्हतंच तिला, पण मादी सरळ त्यांच्याकडे येऊ लागली.

तूरेने रायफलचा खटका ओढला. हलेना. पुन्हा ओढला. बर्फाने जाम!

"काल कुठे ठेवली होतीस?"

"आत, चुलीजवळ. बाबांची बंदूक गं, बाहेर कशी गारठत ठेवू?"

उबेत लोखंडाला दव धरतं आणि बाहेर येताच त्याचा बर्फ होतो. म्हणून इथे बंदूक कायम थंड ओसरीत राहते. पण बोलायला वेळ कुठे होता! सिग्नेने पिस्तूल झाडलं. घाईत नेम उंच गेला आणि गोळा मादीच्या मागे फुटला. दचकून ती पुढेच धावली!

पिस्तुलात एकच काडतूस बसायचं. सिग्नेने हातमोजा दातांनी ओढून काढला. बोटं वळेनात.

"किटली फेक!"

"आईची..."

"फेक म्हणते ना!"

किटली खणखणत घरंगळली. मादी थांबली, तिने ती हुंगली, मग दातांत धरून चावली. तेवढ्यात काडतूस बसलं. सिग्नेने श्वास रोखला आणि मादीच्या पुढ्यात नेम धरला. धाड! लख्ख उजेड, धूर! मादी गर्रकन वळली आणि पिल्लाला घेऊन दूर निघून गेली.

तूरे बर्फातच बसून हुंदके देऊन रडला. सिग्नेने त्याची टोपी नीट केली. त्याच्यावर रागवायचं तिच्या मनात होतं, पण जमलं नाही.

ट्रॉम्सोला आईने किटली मांडीवर घेतली. दातांनी पडलेल्या भोकांवरून तिने एकेक बोट फिरवलं.

"अस्वल मेलं?"

"नाही, आई."

आईने किटलीचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"मग बंदूक आत नेली असणार कोणीतरी," ती म्हणाली. "पूर्वीही हेच करायचा. बाबांचा ओरडा खायचा. तूरेच ना?"

तूरेने तिचे हात हातात घेतले. "हो आई, तूरेच."