जावळाच्या आधीचा फोटो

"बाजूला व्हा की जरा. पोरीच्या तोंडावर सावली पडतीय."

जुईलीनं हे तिसऱ्यांदा सांगितलं, तरी बोकडाची दोरी धरून उभा असलेला तो माणूस हलेना. जावळाच्या जेवणासाठी नेरे गावाहून बोकड घेऊन आलेला हा सिद्धनाथ, मेंढरं राखणाऱ्या घरातला. उंच, सावळा, आणि ओठांत असं काही हसू, की तिचं डोकं आणखीच उठलं.

अकरा वाजता तिच्या भाचीचं, राजनंदिनीचं, जावळ निघणार होतं. वर्षभराचं दाट, कुरळं जावळ. पोरीच्या बापानं, म्हणजे जुईलीच्या रोहितदादानं, ते डोळे भरून पाहिलंच नव्हतं. तो लष्करात, लडाखला. व्हिडिओ कॉल लागला की चित्र अडकायचं. "जावळ काढायच्या आधीचा एकच चांगला फोटो दे," तो म्हणाला होता, "खिशात ठेवीन." आणि सकाळपासून काढलेल्या दीडशे फोटोंत एकही... कुठं डोळे मिटलेले, कुठं नुसतं नाक चमकतंय, कुठं डोकंच कापलेलं. ज्या जावळासाठी एवढा खटाटोप, तेच फोटोबाहेर.

त्यात तिचे वडील, आबा. "नवी बिल्डिंग बी येऊ दे, तिन्ही मजले," खुर्चीवरून हैबतराव सुचवत होते. माणच्या शेतात भाड्याच्या खोल्या बांधल्यापासून त्यांना बिल्डिंगशिवाय कुठलाच फोटो पुरा वाटत नसे.

"आबा, जावळ बिल्डिंगचं न्हाई काढायचं."

सिद्धनाथ एकदाचा सरकला. ऊन थेट तोंडावर आलं आणि राजनंदिनीनं भोकाड पसरलं.

"मी आडवा व्हतो तवा डोळं उघडून बघत व्हती," तो शांतपणे म्हणाला.

"तुमाला लई कळतंय."

"कोकरांचं फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. वंगाळ फोटो गेला की गिऱ्हाईक येत न्हाई. म्हणून शिकलो."

"ही कोकरू न्हाई."

"न्हाई. पर उभ्यानं बघितलं की दोघंबी घाबरत्यात. खाली बसा."

नवी साडी, अंगणातली माती... आणि पावणेअकरा झालेले. वस्तऱ्याला धार लावत बसलेले भिवाजी "आटपा ताई" म्हणाले. जुईली दात-ओठ खात मातीत बसली.

"मी परत आडवा हुतो. पोरीला मधोमध नका घेऊ. ती जिकडं बघंल तिकडं जागा सोडा."

"आणि ती कुटं बघणार, ते कोण ठरवणार?"

"आमचा बोकड."

बोकडानं तेवढ्यात जुईलीचा पदर तोंडात घेतला. ती किंचाळली, आणि राजनंदिनी बोकडाकडे बघून सकाळपासून पहिल्यांदा खदखदून हसली. जुईलीनं एका हातानं पदर ओढत दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

आला. डोळे उघडे, उजेड मऊ, जावळाचं वेटोळं न् वेटोळं दिसतंय. जुईलीला रडूच आलं. अकराच्या ठोक्याला आत्याचा मान म्हणून तिनं तेच केस पदरात झेलले — पदराचं टोक बोकडानं चघळून ओलं केलेलं. फोटो तिनं सिद्धनाथला दाखवला, तर तो म्हणाला, "बरा आलाय." बरा! तिनं त्याचा नंबर घेतला आणि रागानं 'बोकड' म्हणून साठवला.

पुढचे दोन महिने ती भाडेकरूंच्या पोरांचे फोटो काढून त्याला पाठवत राहिली, तो चुका काढत राहिला. "पोराच्या डोक्यातून इजेचा खांब उगवलाय." "दिवा बंद करा, खिडकीपाशी घ्या." कधी एक कौतुकाचा शब्द नाही. आता याला काही पाठवायचं नाही, असं ती रोज ठरवायची... आणि त्याचं उत्तर आलं नाही, की घरातल्या सगळ्यांवर करवादायची.

मग एके दिवशी दादाचा फोन आला. "फोटो रोज बघतो गं. पण खाली कोपऱ्यात दोन सावल्या हायेत. शिंगवाली कळली. बिनशिंगाची कुणाची?"

जुईलीनं फोटो मोठा करून पाहिला. दोन महिने डोळ्यांसमोर होती, आणि तिला दिसली नव्हती.

रविवारी ती नेऱ्याला गेली. कापणी झालेल्या रानात मेंढरं बसली होती, सिद्धनाथ कोकराला पाणी पाजत होता.

"दादा इचारतोय, सावली कुणाची."

"मग काय सांगितलं?"

"सांगितलं, दोन म्हयनं मला छळतोय त्या माणसाची. आन् तो मला आवडतो, हेबी सांगितलं. तुमच्या आधी त्याला कळलं... माझा इलाज न्हाई."

सिद्धनाथनं कोकरू हळूच खाली ठेवलं. "हैबतरावांना काय सांगायचं?"

"आबांचं मी बघते. तुमचं बोला."

"त्या दिवशी तुमी पहिल्यांदा बाजूला व्हा म्हणालात ना... तवाच ऐकू आलं व्हतं मला."

"मग हलला का न्हाई?"

"तुमी परत बोलाल म्हणून."

संताप यावा की हसू, तिला कळेना. समोरून ऊन डोळ्यांत येत होतं, पापण्या मिटत होत्या. तो दोन पावलं पुढं येऊन उन्हाला आडवा झाला, आणि तिचे डोळे आपसूक उघडले.

"बाजूला होऊ?" त्यानं विचारलं.

"हलून तर बघा," जुईली म्हणाली.