हात बघून

त्या जपानी हॉटेलात एकूण आठच खुर्च्या होत्या, लाकडी काउंटरला लागून एका रांगेत. दुपारी साडेबाराला त्यांतल्या तीन या तिघांनी अडवल्या. मधे बाई, एका बाजूला छापखानेवाला, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीण. चाळीस वर्षांची मैत्री. बाईंना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी हे दोघेही त्यांना बाईच म्हणत.

निमित्त वहीचं होतं. बाईंच्या अक्षरातली सुलेखनाची वही छापून निघायची होती. सत्तेचाळीस पानं तयार होती, अठ्ठेचाळिसाव्याची शेवटची ओळ तेवढी राहिली होती. गेल्या आठवड्यात बाईंचा हात किंचित कापत होता, म्हणून थांबले होते. आज छापखानेवाला ते पान जाड पुठ्ठ्यात घालून घेऊनच आला होता.

"चार वाजता यंत्रावर चढवायचंय," तो म्हणाला. "पण आधी जेव. रिकाम्या पोटी क्ष नीट येत नाही."

"तुझ्या छापखान्यात भरल्या पोटीही येत नाही," बाई म्हणाल्या.

काउंटरपलीकडचा शेफ हसला नाही. पन्नाशीचा असेल. भाताची लहानशी मुटकी वळायची, वर माशाचा पातळ काप बसवायचा आणि ती प्रत्येकापुढच्या काळ्या दगडी पाटीवर ठेवायची, एवढंच त्याचं चाललं होतं. इथे हाताने खाल्लेलं चालत होतं. पहिली मुटकी खाऊन डॉक्टरीण डोळे मिटून बसली.

बाईंची मुटकी जरा तिरकी ठेवलेली होती. उचलताना उजव्या हाताची बोटं अवघडली.

"तो हात बघून ठेवतो," डॉक्टरीण म्हणाली. "उजवा असेल तर अशी, डावरा असेल तर तशी. विचारत नाही कुणाला. तुला डावरी समजला बघ."

"अहो, मी उजवी आहे," बाईंनी शेफला सांगितलं.

त्याने मान लववून माफी मागितली. दुसरी मुटकी ठेवली ती पुन्हा डाव्या हातासाठीच.

बाईंना गंमत वाटली. शाळेत असत्या तर त्यांनी न रागावता पुन्हा समजावलं असतं. रागावणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांच्या वर्गात एक मुलगी होती, डावखुरी. बाईंनी तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. रोज तिच्या शेजारी बसायचं, डाव्या हातातली पेन्सिल अलगद काढायची आणि उजव्या हातात द्यायची. पुन्हा डाव्यात गेली की पुन्हा काढायची. ओळ पुरी झाली की पाठीवर दोन थापा आणि लिंबाची एक गोळी. चार महिन्यांत मुलगी उजव्या हाताने लिहू लागली. त्याच सुमारास ती वर्गात बोलेनाशी झाली, आणि सुट्टीनंतर आलीच नाही. का, ते बाईंनी विचारलं नव्हतं. तिच्या वहीचं शेवटचं पान मात्र त्या पुढे कित्येक वर्षं नव्या शिक्षिकांना दाखवत.

तिसरी मुटकीही तशीच आली.

"मी सांगितलं ना तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"तुम्ही टॉवेल डाव्या हाताने घेतलात," शेफ म्हणाला. "चहाही."

बाईंनी पाहिलं. चहाचा पेला खरंच डाव्या हातात होता. त्यांनी तो उजव्या हातात घेतला. छापखानेवाला कागदाच्या जातींबद्दल काहीतरी सांगत होता, तिकडे त्यांनी लक्ष दिलं. थोड्या वेळाने पाहिलं तर पेला पुन्हा डाव्या हातात.

कुणी हिसकावला नव्हता. अलगद गेला होता.

"हाताला मुंग्या येतायत का?" डॉक्टरणीने विचारलं.

"नाही गं."

डॉक्टरणीने तरी त्यांची उजवी मूठ आवळून घेतली, बोटं एकेक मिटायला लावली. "घोड्यासारखा धडधाकट आहे," ती म्हणाली.

पुढची मुटकी ठेवताना शेफने बाईंकडे पाहिलं नाही. त्यांच्या डाव्या खांद्याशेजारी, काउंटरच्या कडेला लहान मुलाची जेमतेम हनुवटी लागेल इतक्या उंचीवर पाहिलं आणि मान हलवली. समजलं, अशी.

बाईंनी मुटकी उजव्या हाताने उचलली. मनगटाभोवती काहीतरी कोमट लागलं. लहान, मऊ. त्या स्पर्शाने बाईंची बोटं एकेक करून उकलली आणि मुटकी खाली ठेवली.

बाईंनी पुन्हा उचलली.

पुन्हा बोटं उकलली गेली. घाई नव्हती. राग नव्हता.

त्यांनी डाव्या हाताने खाल्लं.

"चला, लिहून टाक," छापखानेवाला म्हणाला. पाट्या उचलल्या होत्या, लाकूड पुसून कोरडं झालं होतं. त्याने पान पुठ्ठ्यातून काढून बाईंपुढे ठेवलं. "जपून हं. बाकीच्या ओळी याच्यावरच आहेत."

बाईंनी पेन उजव्या हातात घट्ट धरलं. इतकं घट्ट की नखं पांढरी पडली.

ते काढून घेतलं गेलं. डाव्या हातात दिलं गेलं.

त्यांनी लिहिलं. एकदाही हात कापला नाही.

छापखानेवाल्याने पान वर धरलं. जन्मभर छपाईचे शिशाचे खिळे जुळवलेला माणूस, तो सरळ वाचत गेला. "ह, ळ, क्ष, ज्ञ. बाई, अख्ख्या वहीत अशी ओळ नाही."

डॉक्टरीण त्याच्या खांद्यावरून बघत होती. "अरे, उलटी आहे ही," ती हळूच म्हणाली. "तुझ्या खिळ्यांसारखी. आरशात धरावी लागेल."

दोघांनी बाईंकडे पाहिलं.

बाईंना बोलायचं होतं. तोंड उघडलं, आवाज आला नाही.

पाठीवर हलक्या दोन थापा पडल्या.

मग जिभेला काहीतरी गुळगुळीत लागलं. आंबटगोड. बाईंनी ते एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. लिंबाची गोळी होती, कुणीतरी आधीच अर्धी चोखलेली.