आलं का?

डिश टीव्हीच्या कंपनीनं एका रात्रीत नवं सॉफ्टवेअर सोडलं आणि सकाळी अर्ध्या शहराच्या टीव्हींना वेड लागलं. कुणाच्या बातम्या मुक्या झाल्या, कुणाचा रिमोट बहिरा झाला, आणि एका निवृत्त हेडमास्तरांकडे कुठलंही बटण दाबलं तरी कुस्तीच लागू लागली. हेडमास्तरांना ती आवडायला लागली होती, ही गोष्ट वेगळी. हे सगळं निस्तरायला कंपनीनं ज्या मेकॅनिकला पिटाळलं, त्याला लोक अँटेना म्हणत. उंच, काटकुळा आणि सदा कुणाच्या तरी गच्चीवर. दुसरं नाव शोभलंच नसतं.

दिवसभर जिने चढून-उतरून त्याच्या पायांचे तुकडे पडले होते. शेवटची तक्रार गल्लीच्या टोकाच्या दुमजली घरातली होती. तो पोहोचला तेव्हा उजेड उतरणीला लागला होता. दार एका काकूंनी उघडलं. त्या "या" म्हणाल्या ते त्याला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. त्यांचा आवाज गेलेला होता आणि बोलणं म्हणजे नुसती कुजबुज होती. घरात दुसरं कुणी दिसत नव्हतं. टीव्हीसमोर दोन खुर्च्या होत्या. एकीची उशी बसून बसून चेपलेली, दुसरीची तशीच फुगलेली.

तक्रार काय, ते ऐकायला त्याला कान अगदी जवळ न्यावा लागला. अपडेट झाल्यापासून रोज दिवेलागणीला टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स आपोआप चालू होतो, पडदा काळाच राहतो आणि आतून कुणीतरी बोलतं. बाकी सगळं नीट आहे, असं काकूंनी मान हलवून सांगितलं.

तो बॉक्स हातात घेणार, तेवढ्यात त्याचा हिरवा दिवा लागला. रिमोट स्टुलावर पडलेला होता, त्याला कुणी हातही लावला नव्हता. पडदा काळाच राहिला. आधी वाऱ्याची सळसळ आली, उंचावर उभं राहिल्यावर कानात भरते तशी. मग कोरड्या खोलीत ओल्या सिमेंटचा वास पसरला. आणि खूप लांबून एका पुरुषाचा आवाज आला,

"आलं का…?"

अँटेनाला हसूच फुटलं. हा तर त्याचाच प्रश्न. डिश फिरवताना गच्चीवरून खाली तो दिवसभर हेच ओरडायचा. चित्र आलं की खालचं माणूस "आलं" म्हणतं, गेलं की "गेलं" म्हणतं. त्यावरच त्याचा संसार चालला होता. दुसऱ्या कुठल्या तरी चॅनेलचा आवाज मिसळत असणार, असं त्यानं काकूंना समजावलं. बॉक्सच बदलून टाकू म्हणाला.

काकूंनी चटकन बॉक्सवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"बदलू नका," त्या कुजबुजल्या. "त्यांना उत्तर द्यायचं राहिलंय… आणि माझा आवाजच फुटत नाही."

वय झालंय बिचारीचं, असं त्याच्या मनात आलं. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून त्याचं मन विरघळलं. आधी डिश बघून येतो, दोष तिकडे निघाला तर बॉक्स इथेच राहील, असा शब्द देऊन तो जिना चढू लागला. पाठीमागून काकू काहीतरी सांगत होत्या. त्याच्या कानावर "मागे" एवढंच आलं. थकलेला माणूस जसं म्हणतो तसं तो "हो, हो" म्हणाला आणि वर गेला.

गच्चीवर अंधुक उजेड होता. वस्तू दिसत होत्या, त्यांच्या कडा दिसत नव्हत्या. त्यानं डिशची वायर सोडवली, तिचं टोक पुसलं आणि वायर हातात धरून डिशचा कल बघायला एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी एक. वायर अजून जोडलेलीच नाही, खाली चित्र येणार कुठून, हे त्याच्या डोक्याला ठाऊक होतं. पण तोंडाला लागलेली सवय. तो ओरडला, "आलं का?"

आणि तिसरं पाऊल उचललं.

"मागे नको!" खालून एका बाईचा खणखणीत आवाज आला. "अहो, मागे नको… पुढे या!"

तो जागच्या जागी थिजला. त्याची टाच खाली टेकत होती, आणि टाचेखाली काहीच नव्हतं. त्या बाजूला कठडाच नव्हता. खूप खाली फरशीचं अंगण तेवढं पांढुरकं दिसत होतं. त्यानं अंग पुढे झोकून दिलं आणि गुडघ्यांवर रांगत जिन्यापर्यंत आला.

खाली काकू टीव्हीसमोर दोन्ही हात तोंडावर दाबून उभ्या होत्या. स्वतःच्याच आवाजाला त्या घाबरल्या होत्या. त्यांना खुर्चीत बसवल्यावर हळूहळू सगळं बाहेर आलं. काही वर्षांपूर्वी काका अशाच संध्याकाळी डिश फिरवत होते. मागचा कठडा बांधायचा राहिला होता. त्यासाठी सिमेंटही कालवून ठेवलं होतं. काकांनी वरून विचारलं, "आलं का?" चित्र येता येता राहत होतं, म्हणून काकू खालून ओरडल्या, "अजून थोडं मागे!" त्यांना म्हणायचं होतं, डिश मागे करा. काका स्वतः मागे सरकले. त्या दिवसापासून काकूंचा आवाज घशातच बसला होता.

"आज पडद्यावर चित्र आलं," काकू म्हणाल्या. "गच्ची होती. कुणीतरी पाठमोरं, मागे मागे येत होतं. ते होते की तुम्ही… मला कळलं नाही. मी ओरडले."

"काकू," अँटेना म्हणाला, "वायर तर माझ्या हातात होती."

दोघांनी काळ्या पडद्याकडे बघितलं. मग त्याला भरून आलं. त्यानं काकूंचे हात घट्ट धरले. माझी पोर अजून बोलायलाही लागली नाही, तिला तुम्ही तिचा बाप परत दिलात, हे उपकार मी कसे फेडू, असं काहीबाही तो बोलत राहिला. काकू रडत होत्या आणि हसतही होत्या. मोठ्यानं, त्यांच्या स्वतःच्या आवाजात. तुमच्यामुळेच माझं राहिलेलं उत्तर देऊन झालं, असं त्या त्याला पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

तेव्हा काळ्या पडद्यातून कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला.

"हं… आलं."

हिरवा दिवा विझला. सिमेंटचा वासही विरला. अँटेनानं तो बॉक्स बदलला नाही. कंपनीला दोष डिशचा होता म्हणून कळवलं. काकूंच्या गच्चीला आता चारी बाजूंनी कठडा आहे. त्याच्या विटा वर चढवायला सुट्टीच्या दिवशी तो आपणहून गेला होता. काकूंची हाक हल्ली गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाते, आणि त्यांचा बॉक्स पुन्हा कधी आपोआप चालू झाला नाही.

अँटेना अजूनही रोज कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर असतो. डिश फिरवतो, नकळत मागे सरकतो आणि खाली ओरडतो, "आलं का?" कधीकधी खालून उत्तर यायच्या आत ओल्या सिमेंटचा वास येतो, आणि अगदी कानामागे, जिथे उभं राहायला जागाच नसते तिथून, कुणीतरी हळूच म्हणतं,

"पुढे सरक…"

तो मागे वळून बघत नाही. "हो, काका," म्हणतो आणि एक पाऊल पुढे टाकतो.