खालचा अर्धा फळा

तो खिळा उपटायचा नाही. खेळाचे सर, पक्कड ठेवा ती खाली. पँट फाटली ती फाटली, आता रात्री कोण बघतंय? सकाळी पोरं परीक्षेला येईपर्यंत दोन टाके घालून होतील. फळ्याखाली, मांडीच्या उंचीवर, खिळा ठोकणाऱ्याला मघापासून शिव्या देताय ना, तो माझा मित्र होता.

बसा सगळे इथे व्हरांड्यात. प्रश्नपत्रिकांची राखण करायचीच आहे, आणि डोळा लागला तर हेडमास्तर आपली सालटी काढतील. तेवढे मोबाइल पालथे घाला. मी स्वतः भूत पाहिलेलं नाही. मी चित्रकलेचा मास्तर. रिटायर झालो तरी मला राखणीला बोलावतात, कारण मला तशीही झोप येत नाही. पण ज्याच्याकडून ऐकलं तो माणूस जन्मात खोटं बोलला नाही. गणित शिकवायचा. खोटं बोलायला कल्पनाशक्ती लागते.

पोरं त्याला परकार म्हणायची. एक तर दोन लांबच लांब पाय, आणि दुसरं म्हणजे काहीही न धरता फळ्यावर वर्तुळ काढायचा ते अगदी गरगरीत. मी चित्रकलेचा, पण माझं वर्तुळ बटाट्यासारखं यायचं. त्यावरून त्याने मला आयुष्यभर छळलं.

त्याला एकच मुलगी. तिसरीत होती. तिची शाळा आधी सुटायची, मग ती दप्तर घेऊन इथे यायची आणि त्या कोपऱ्यातल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून राहायची. बापाचा तास संपला, पोरं गेली, की दोघं मिळून फळा पुसायचे. वरचा अर्धा त्याचा, खालचा अर्धा तिचा. तिचा हात तेवढाच पोचायचा. आणि आधी वरचाच पुसायचा, हा नियम, कारण वरची भुकटी खाली पडते. बाप वरचा पुसत असताना ही आपलं डस्टर घेऊन वाट बघत उभी, डोक्यावर सगळी भुकटी. म्हणून तिला आम्ही खडू म्हणायचो. ते डस्टरही तिचं वेगळं होतं, आईने जुन्या लाल स्वेटरचं शिवलेलं. तिच्या हाताला येईल असा बापाने खाली खिळा ठोकून दिला होता. तोच हा. तिचं पुसून झालं की डस्टर खिळ्याला, आणि मग तो म्हणायचा, "चल गं, झालं आपलं." तो म्हणाल्याशिवाय ती जागची हलायची नाही. हट्टीच होती तशी.

एका थंडीत तिला ताप आला. साधाच म्हणत होते डॉक्टर. चार दिवसांत मुलगी गेली.

यावर मी काही बोलत नाही. तुमच्यातल्या दोघांना लेकरं आहेत.

परकार आठवड्याने शाळेत आला. तास घेतला. संपल्यावर डस्टर उचललं, वरचा अर्धा फळा पुसला, आणि खालचा तसाच ठेवून निघून गेला. मी दारात होतो. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज तेच. झाडायला येणाऱ्या मावशी सकाळी उरलेला पुसत असतील, असं तो धरून चालला, मीही धरून चाललो. कारण सकाळी फळा स्वच्छ असायचा. लाल डस्टर खिळ्यालाच होतं. त्याला कुणी हात लावला नाही.

वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, ते घर खायला उठायचं. खिडकीतून शाळा दिसायची ना. त्या त्यांच्या भावाच्या गावी गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, इथल्या शाळेत जागा आहे, या, आपण नव्याने सुरुवात करू. तिचे कपडे, खेळणी, सगळं कुणाला तरी देऊन टाका. इथे काही नको. फक्त ते लाल डस्टर तेवढं आणा.

झालं, वर्ष संपायच्या सुमारास परकारने राजीनामा दिला. शेवटचे आठ दिवस मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे सामान बांधायला जायचो. बांधणं कमी आणि बडबड जास्त. त्याला वाटेल ते सुचायचं. म्हणायचा, तिथे हिरवा फळा असेल तर? हिरव्यावर माझं वर्तुळ आजारी दिसतं. म्हणायचा, इथे कुलूपवाला माझा विद्यार्थी, पोलीसही माझा विद्यार्थी, चोर सापडला तर तोही माझाच निघेल. तिथे मी कोण? एक लांबडा माणूस. मग तोंड वाकडं करून विचारायचा, तिथली पोरं मला काय नाव ठेवतील रे? मी म्हटलं, शिडी. हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला.

आणि मग दोरीला गाठ मारता मारता, मान खाली घालूनच, म्हणाला, "एक विचारू? आपण घर बदललं तर तिला कळणार कसं?"

मी त्याला झापलं. गणिताचा मास्तर ना तू, असं काय बोलतोस, म्हटलं. तो म्हणाला, हो, बरोबर आहे तुझं. पण गाठ काही त्याला बसेना. शेवटी मी मारली.

आता त्या रात्रीचं. मे महिन्यातला पहिला शुक्रवार. अमावस्या नव्हती हो, चांगलं टिपूर चांदणं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे सामानाचा टेंपो निघणार होता. दुपारी त्याचा शेवटचा तास झाला, आणि तास संपतोय न संपतोय तोच आम्ही सगळ्यांनी त्याला निरोपसमारंभाला ओढून नेलं. त्यामुळे फळा तसाच राहिला, वरपासून खालपर्यंत भरलेला. रात्री नऊच्या सुमारास तो घरून निघाला. काम साधं होतं. कपाटाच्या किल्ल्या मावशींकडे द्यायच्या, वर्गातून डस्टर घ्यायचं, घरी जाऊन झोपायचं.

मावशी फाटकाजवळच्या खोलीत राहायच्या. किल्ल्या देताना तो म्हणाला, "मावशी, इतके महिने खालचा फळा पुसत होतात, कधी बोलला नाहीत. आभार मानायचे राहिले."

मावशी बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मी कुठे पुसते, सर? मी येते तेव्हा पुसलेलाच असतो. मला वाटायचं, तुम्हीच पुसून जाता."

त्यांनी वर्गाची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि दार लावून घेतलं.

आला तो इथूनच, या व्हरांड्यातून. त्याने मला नंतर सांगितलं, की भीती वाटत नव्हती. कुलूप काढलं. दिवा लावला. बाक रिकामे. शेवटचा बाक... रिकामा. फळा दुपारी सोडला तसाच भरलेला. खाली खिळ्याला लाल डस्टर.

ते घ्यायचं आणि निघायचं, एवढंच करायचं होतं. पण मास्तराचा हात तो. भरलेला फळा सोडून जाईना. टेबलावरचं मोठं डस्टर घेतलं आणि वरचा अर्धा पुसला. वर्तुळ होतं, त्याचा वरचा भाग गेला, खालचा राहिला. डस्टर ठेवलं. खिडकी उघडी होती, ती लावायला गेला. पाठ फळ्याकडे.

आणि मागे आवाज आला.

खस... खस...

हळू. लहान हाताने पुसतात तसा. मध्येच थांबणारा. तिला डावीकडून उजवीकडे जायची सवय होती... आवाज डावीकडून उजवीकडे चालला होता.

तो वळला नाही. खिडकीच्या गजांना धरून उभा. काचेत बघितलं असतं तरी दिसलं असतं. नाही बघितलं.

खस...

थांबला.

मग काहीच नाही.

नुसती शांतता. पण ती रिकामी नव्हती म्हणाला. वर्गात कुणी वाट बघत असलं की मास्तराला पाठमोरं असतानाही कळतं. तुम्हालाही कळतं.

आणि त्याच्या लक्षात आलं. ती कशाची वाट बघतेय ते. इतके महिने तो वरचा अर्धा पुसायचा आणि तोंड फिरवून निघून जायचा. ती मागून आपला अर्धा पुसायची... आणि उभी राहायची. चल म्हणायला कुणी नाही. रात्रभर. रोज.

बायकोने सांगितलं होतं, डस्टर सोडून तिचं काही आणू नका. नव्याने सुरुवात करायची होती. एक शब्द बोलला तर... आणि नाही बोलला तर...

मला सांगताना इथे तो लहान मुलासारखा रडला. मीही रडलो, लाज कसली.

शेवटी म्हणाला. गजांकडे बघूनच. "चल गं, झालं आपलं."

मग वळला. कुणी नाही. फळा लख्ख. खिळा रिकामा. बाकांखाली, कपाटामागे, सगळीकडे शोधलं. लाल डस्टर कुठेच नव्हतं. तसाच रिकाम्या हाताने माझ्या दारात आला. पहाटे टेंपोत बसताना त्याने एकच गोष्ट केली. स्वतः चढायच्या आधी दार धरून थोडा वेळ उभा राहिला, कुणाला तरी आधी चढू देतात तसा. टेंपोवाल्याला वाटलं, सर गाव सोडताना हळवे झालेत.

संपली नाही अजून. बसा.

तिथे त्याने वहिनींना सांगितलं, डस्टर विसरलो. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. नवी शाळा लागली. पहिल्याच दिवशी तास संपल्यावर त्याने वरचा अर्धा फळा पुसला, आणि पाठ करून उभा राहिला. मला फोन केला रात्री. नुसतं म्हणाला, "आली रे."

वर्ष गेलं, दोन गेली. एकदा फोनवर म्हणाला, रेघ वर सरकतेय. मला कळेना. तर म्हणे, ती पुसते त्याची वरची कड असते ना, ती दर वर्षी थोडी वर जाते. आता माझ्या वाटणीला कमी येतं. मी खुर्चीत बसलो होतो, बसूनच राहिलो. मुलगी वाढत होती, म्हणजे.

वहिनींना त्याने एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. एकदा तो चष्मा घरी विसरला, म्हणून त्या घेऊन शाळेत गेल्या. तास नुकताच संपला होता. फळ्याचा वरचा भाग पुसलेला आणि नवरा भिंतीकडे तोंड करून उभा, असं त्यांनी दारातून पाहिलं. आणखी काय पाहिलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. चष्मा टेबलावर ठेवला आणि घरी गेल्या. रात्री कपाटातून स्वतःचा चांगला, धड असलेला स्वेटर काढला आणि कात्री लावली. नवं डस्टर शिवलं, मोठ्या हाताचं. सकाळी त्याच्या पिशवीत ठेवून म्हणाल्या, "खिळा जरा वर ठोका. तिला वाकायला नको."

झालं. एवढीच नवी सुरुवात झाली त्यांची. पण झाली. त्यानंतर दोघं बरी राहिली. मी सुट्टीत जायचो तेव्हा वहिनी हसायच्यासुद्धा. गेल्या वर्षी परकार मला म्हणाला होता, आता वीतभर पट्टी उरलीये माझ्याकडे. अठराची झाली असती रे. टाचा वर केल्या तरी तिचा हात तिथवर पोचत नाही, तेवढी माझ्यासाठी ठेवते.

यंदा थंडीत तो गेला. वर्गातच. शेवटचा तास घेतला, मुलांना सोडलं, हातातला खडू ठेवला, खुर्चीत बसला. उठलाच नाही. मुलं म्हणाली, फळा भरलेला होता, अगदी चौकटीपर्यंत. सरांनी डस्टरला हात लावला नव्हता. त्याला बाहेर आणलं आणि वर्गाला कुलूप घातलं. किल्ली तिथल्या बाईंकडे, मुख्याध्यापिकांकडे होती.

तिसऱ्या दिवशी वहिनी त्याचं सामान आणायला गेल्या. बाईंनी त्यांच्यासमोर कुलूप काढलं. त्या रात्री वहिनींचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

म्हणाल्या, "भाऊजी, फळा पुसलेला होता."

मी म्हटलं, "खालचा?"

"नाही. सगळा. त्यांची वरची पट्टीसुद्धा."

मी विचारलं, "आणि डस्टर?"

"खिळ्याला नाही," त्या म्हणाल्या.