शिशिराची ओली मलमल

ठेवायचा तर विश्वास ठेवा. माझी मावशी केझाया खोटं बोलणारी बाई नव्हती.

१८८७ चा नोव्हेंबर. लंडनमध्ये दुपारचे तीन वाजलेले, पण धुक्यामुळे दिवे लागले होते.

चित्रकार रॅक्सलसाहेबांकडे मॉडेलला वस्त्रं नेसवायचं काम मावशी करायची. साहेबांची चार ऋतूंची चार चित्रं चालली होती, आणि चारही ऋतूंसाठी उभी राहायची तिचीच लेक, लेटी. वसंत झाला, ग्रीष्म झाला, शरद झाला. शिशिर अर्धाच राहिला...

कारण मागच्या हिवाळ्यात लेटी गेली.

शिशिरासाठी ती अनवाणी, ओल्या मलमलीत उभी राहायची. ओली मलमल अंगाला चिकटते, चुण्या झकास पडतात.

"शिशिर म्हणे! थंडीत असं कोण हिंडतं गं, आई? जरा शेगडी पेटव ना."

"कापड वाळेल, चुण्या मोडतील. तासभर कळ काढ, बाळा."

शेगडी मावशीनेच विझवली होती. आठवडाभरात न्यूमोनियाने पोर हातची गेली.

आता साहेबांना चित्र पुरं करायचं होतं. लेटीच्या पावलांभोवती आखलेल्या खडूच्या रेघा चौथऱ्यावर तशाच होत्या. तिथे लाकडी पुतळा उभा केला. मावशीने काळजावर दगड ठेवून त्याला तीच मलमल नेसवली.

थोडा वेळ गेला...

टप्... टप्...

"केझाया, कापड भिजवलंस?"

"नाही साहेब. कोरडंच नेसवलंय."

मावशीने हात लावला.

मलमल चिंब होती. बर्फासारखी गार.

साहेबांच्या हातून ब्रश गळाला. ते जे पळाले, ते थेट रस्त्यावर.

मावशी हलली नाही. तिने शेगडी पेटवली. लाल होईपर्यंत कोळसा घातला.

"झालं हं चित्र. आता खाली उतर, लेटी. ये, शेक."

टपटप थांबली...

खडूच्या रेघांपासून जमिनीवर ओली पावलं उमटत आली. एक... दोन... तीन... शेगडीपाशी येऊन थांबली.

मावशी तिथेच बसून ढसाढसा रडली.

चित्र पुरं झालंच नाही. साहेबांना ती शेगडी डोळ्यांसमोर नको होती, म्हणून मावशीने ती घरी आणली. पुढे तीस वर्षं भर उन्हाळ्यातही ती पेटती ठेवली. रोज सकाळी तिच्यासमोर दोन ओली पावलं असायचीच.

मावशी गेली. शेगडी आता माझ्याकडे आहे.

मीही ती विझू देत नाही. वाटलं होतं, मावशी भेटल्यावर तरी लेटीची थंडी सरेल. पण आज सकाळी पाहिलं...

पावलं अजून ओलीच आहेत.